धीराचा खेळ आणि शेवटचा घाव

फुटबॉल पाहणाऱ्या आपल्याकडच्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते : ‘नुसते इकडून तिकडे देत बसतात, मारत का नाहीत?’ मुंबई सिटीचे सामने पाहायला कल्याणहून अंधेरीला जाताना-येताना घाटकोपरच्या गर्दीत मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की, तिच्या मुळाशी जावेसे वाटले. ही तक्रार खोटी नाही, पण अर्धी आहे. चेंडूवर ताबा ठेवून धीराने खेळणे आणि गोल मारणारा हुकमी आघाडीपटू बाळगणे ही दोन वेगळी तत्त्वज्ञाने आहेत, असे ती गृहीत धरते. मुंबई, गोवा आणि भारतीय संघ यांचा गेल्या सत्तर वर्षांतला अनुभव मात्र निराळे सांगतो. जिथे या दोघांची गाठ पडली तिथे यश आले आणि जिथे ती सुटली तिथे धीर वाया गेला, असे माझे म्हणणे आहे.

आधी ताब्याच्या खेळाचे गणित पाहू. चेंडू उजवीकडून डावीकडे गेला की प्रतिस्पर्ध्याची बचावफळी चार-दोन पावले सरकते. पुन्हा उजवीकडे आला की ती परत सरकते. असे वीस वेळा झाले की एखादा बचावपटू अर्ध्या पावलाने मागे राहतो आणि फट पडते. ती फट दोन-तीन सेकंद टिकते. पास देणाऱ्यांचे सगळे श्रम त्या दोन-तीन सेकंदांसाठी असतात. कल्याणकराला हे समजावून सांगावे लागू नये. मुंबईकडून आलेली लाइन आमच्या जंक्शनात फुटते, एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. इथे गाडी थांबली की प्रवाशाला ती अडकल्यासारखी वाटते. सिग्नल सांभाळणाऱ्याच्या लेखी मात्र तो वाट मोकळी करण्याचा भाग असतो. अर्थात वाट मोकळी झाल्यावर गाडी सुटलीच पाहिजे. फुटबॉलमध्ये ती सोडायचे काम ज्याच्याकडे असते, तो आघाडीपटू.

या विचाराचा आपल्याकडचा पहिला मोठा धडा कूपरेजवर मिळाला. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक पुढे या मैदानाशी जोडला गेला. सुरुवातीची वर्षे ती ब्रिटिश पलटणींची मक्तेदारी होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक असलेल्या रहीमसाहेबांनी चेंडू घेऊन पळायला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या होत्या. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. छोटे पास, हालचाल, पुन्हा छोटा पास. मुंबईचा प्रेक्षक पाच वर्षे हा खेळ पाहत होता आणि आपल्या संघांना त्यापुढे हरताना पाहत होता.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर पायात बूट आले, पण रहीम यांना केवळ बुटांनी समाधान होणारे नव्हते. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले. हंगेरीचा हिदेगकुटी नावापुरता मध्य आघाडीपटू होता. तो मागे येऊन चेंडू घ्यायचा आणि त्याच्यामागे जावे की जागा धरावी, हे इंग्लंडच्या बचावपटूंना कळेना. त्याने स्वतःही तीन गोल केले. आज ज्याला ‘फॉल्स नाइन’ म्हणतात, त्याचे हे जुने रूप. रहीम यांनी या हंगेरियन पद्धतीचा अभ्यास केला आणि आघाडीच्या फळीतल्या खेळाडूंना मागे ओढून मधल्या जागेत खेळवायला सुरुवात केली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याचे फळ दिसले. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली आणि १ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. भारत ४-२ असा जिंकला. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते. मूळ गोव्याचा, पण मुंबईच्या मैदानांवर टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळलेला हा आघाडीपटू. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. पुढे भारत ४-१ असा हरला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातही बल्गेरियाने ३-० अशी मात केली. तरी चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होता. त्याच संघात असलेले, नंतर १९६० च्या ऑलिम्पिकलाही गेलेले मुंबईचे गोलरक्षक एस. एस. नारायण यांचे ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात निधन झाले. आमच्यापासून सात स्थानकांवर मेलबर्नचा एक साक्षीदार राहत होता.

मेलबर्नच्या संघाची वाखाणणी बहुधा ‘छोट्या पासांचा संघ’ म्हणून होते. मला त्यात नेव्हिलचे स्थान महत्त्वाचे वाटते. हैदराबादच्या शाळेतला धीर आणि मुंबईच्या आघाडीपटूची नेमकी वेळ साधणारी धाव यांचा तो जोड होता. मागे येऊन चेंडू फिरवणारे सहकारी होते म्हणून त्याला जागा मिळाली. तो पुढे उभा होता म्हणून त्यांच्या पासांना मुक्काम मिळाला.

रहीम यांनी पुढे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आणखी एक पाऊल टाकले. जर्नेलसिंग हा संघाचा मध्य बचावपटू. डोक्याला जखम होऊन टाके पडलेले. रहीम यांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात चक्क मध्य आघाडीपटू म्हणून उतरवले. दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. सुंदर पास देणारे खेळाडू हाताशी असतानाही त्या टोकाला धडक मारणारा एक गडी हवाच, मग तो मागून आणावा लागला तरी चालेल, असा रहीम यांचा हिशेब असावा. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने ते गेले.

त्यानंतरच्या काळात हा जोड का सुटत गेला, याला अनेक कारणे आहेत. मला रोज दिसणारे कारण जमिनीचे आहे. कल्याणच्या सुभाष मैदानावर किंवा आसपासच्या कुठल्याही मोकळ्या पटांगणावर वर्षभर राज्य क्रिकेटचे. फुटबॉल निघतो तो पावसाळ्यात. घोटाभर चिखलात छोटा पास दोन हातांवर रुतून बसतो. तिथे शहाणपण एकच : चेंडू उचला आणि लांब मारा. अशा मैदानावर धिप्पाड पोरगा पुढे उभा राहतो, बाकीचे त्याच्या दिशेने चेंडू भिरकावतात. यातून हिंमत येते, दमसास येतो. पण फट कधी पडते, हे डोळ्याला शिकवले जात नाही. आघाडीपटू तयार होतो तो धडक देणारा, वाट पाहणारा नव्हे.

ताब्याचा खेळ आपल्या किनाऱ्यावर पुन्हा आला तो गोव्यामार्गे. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक एफसी गोवामध्ये आले. बार्सिलोनाच्या व्यवस्थेत घडलेला हा माणूस. तोवर जगात या शैलीचा एक टोकाचा प्रयोग होऊन गेला होता. १ जुलै २०१२ रोजी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्पेनने खऱ्या आघाडीपटूशिवाय सुरुवात केली, सेस्क फाब्रेगासला पुढे ठेवले आणि इटलीला ४-० असे हरवले. आघाडीपटूची जातच आता संपणार, असे तेव्हा अनेकांना वाटले. लोबेरांनी गोव्यात तसे केले नाही. त्यांनी फेरान कोरोमिनास हा पक्का आघाडीपटू आणला. कोरोने तीन हंगामांत अनुक्रमे १८, १६ आणि १४ असे ४८ गोल केले. त्याचे बरेच काम चेंडूशिवाय चाले. तो दोन बचावपटूंच्या मधल्या रेघेवर उभा असे, एकाच्या नजरेआड सरके आणि अहमद जाहूने मान वर केली की निघे.

१७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरिनात गोवा अंतिम सामना खेळला, बंगळुरूविरुद्ध. अतिरिक्त वेळेत जाहूला लाल कार्ड मिळाले आणि गोव्याचे जंक्शनच बंद पडले. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून राहुल भेकेने डोक्याने गोल केला. मुंबईचा मराठी मुलगा, बचावपटू. बंगळुरू १-० असे जिंकले. चेंडू पुरवणाराच नसेल तर कोरोसारखा आघाडीपटूही नुसता उभा राहतो, हा त्या रात्रीचा धडा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२० मध्ये लोबेरा मुंबईत आले. त्यांच्यामागोमाग जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूही. पुढे ॲडम ले फाँड्रे आणि बार्थोलोम्यू ओग्बेचे. त्या हंगामात एकाने ११ गोल केले, दुसऱ्याने ८. करोनामुळे सारे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. आम्ही कल्याणात टीव्हीसमोर. मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण झाले, पण आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते, म्हणून शील्ड मुंबईला मिळाली.

१३ मार्च २०२१ चा फातोर्ड्यावरचा अंतिम सामना मी अनेकदा पुन्हा पाहिला आहे. १८ व्या मिनिटाला जाहूने स्वतःच्या गोलजवळ चेंडू गमावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. मागून पास देत खेळण्याची ही किंमत. मग २९ व्या मिनिटाला त्याच जाहूने लांब चेंडू टाकला, तो परतवताना तिरीने स्वतःच्याच जाळ्यात घातला. नव्वदाव्या मिनिटाला पुन्हा एक लांब चेंडू, पुढे सरसावलेला गोलरक्षक, त्याच्या गोंधळातून ओग्बेचेने मिळवलेला ताबा आणि बिपिन सिंगला दिलेला पास. मुंबई २-१. छोट्या पासांचा संघ लांब चेंडूंवर जिंकला आणि आघाडीपटूने स्वतः न मारता दुसऱ्याला दिले! वरवर पाहता हा विरोधाभास आहे. पण संघ वर्षभर छोटे पास देतो म्हणूनच प्रतिस्पर्धी पुढे येऊन दाबतो, म्हणूनच त्याच्या पाठीमागे मोकळी जागा उरते. ती जागा ओळखणे आणि तिथे जाणे, हे आघाडीपटूचे खरे काम. गोल कोणाच्या नावावर लागतो, हा नंतरचा प्रश्न.

पुढच्या दोन वर्षांनी हेच दोन्ही बाजूंनी दाखवले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. विजयी गोल राहुल भेकेच्या डोक्यातून आला. जर्नेलसिंगची आठवण व्हावी असाच. २०२२-२३ मध्ये तर मुंबईने सलग १८ सामने न हरता शील्ड जिंकली, ५४ गोल केले. आणि तरी उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत, अंधेरीतच, बदली उतरलेल्या सुनील छेत्रीने कॉर्नरवर डोके लावले आणि सामना नेला. परतीची लढत मुंबईने जिंकूनही पेनल्टीवर सगळे संपले. त्याच हंगामात याच ग्रुपच्या मँचेस्टर सिटीने एर्लिंग हालंडला आणले होते. आधीची दोन विजेतेपदे ठरावीक आघाडीपटूशिवाय मिळवलेल्या संघात तो आला आणि लीगमध्ये ३६ गोलांचा विक्रम करून गेला. धीराच्या पंथाचे मुख्य पीठही शेवटी घाव घालणाऱ्याकडे वळले.

प्रश्न उरतो तो आपला. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. कोरो, अंगुलो, ओग्बेचे, सारे बाहेरचे. मुंबईकडून गोल करणारे भारतीय कोण, हे पाहिले तर बिपिन सिंग, लालियानझुआला छांगते : दोघेही ईशान्येचे, आणि दोघेही कडेने खेळणारे. म्हणजे भारतीय खेळाडूला आपण पास द्यायला शिकवले, कडेने पळायला शिकवले. फट पडल्यावर ‘आता’ म्हणण्याचा अधिकार मात्र मधल्या जागेत उभ्या असलेल्या पाहुण्याकडे ठेवला. निर्णयाची ती जागा वर्षानुवर्षे भाड्याने दिली की राष्ट्रीय संघात ती भरायला माणूस सापडत नाही. छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, त्याला परत यावे लागले, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

हे बदलायचे तर सुरुवात वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी करावी लागेल, कोरड्या सपाट मैदानावर, आणि तिथे पुढे उभ्या केलेल्या पोराला ‘मार’ इतकेच न सांगता ‘थांब, बघ, आणि मग जा’ असे सांगावे लागेल. वांद्र्याला मुंबईच्या फुटबॉलचे एक मैदान आहे. मुलांचे सामने तिथे होतात. त्याला नाव आहे नेव्हिल डिसोझाचे. ते नाव मेलबर्नच्या तीन गोलांमुळे आले आहे, हे तिथे नऊ नंबरची जर्सी घालणाऱ्या पोराला कोणी तरी सांगायला हवे. त्याआधीचे पास कोणी दिले होते, तेही.