प्रोसेसरची किंमत आणि प्रतिस्पर्ध्याचें मोल

स्पर्धा असली म्हणजे माल स्वस्त होतो, हें सूत्र अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठांत विद्यार्थ्यांच्या हातीं पडतें. सूत्र खोटें नाहीं. परंतु स्पर्धा टिकते कशी आणि किंमत हें शस्त्र कोणाच्या हातीं कोणतें रूप घेतें, हें त्यांत सांगितलेलें नसतें. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो बनविणाऱ्या इंटेल व एएमडी ह्या दोन अमेरिकन कंपन्यांचा इतिहास ह्या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे.

इंटेल १९६८ सालीं व एएमडी १९६९ सालीं स्थापन झाली. दोहोंचेही संस्थापक कॅलिफोर्नियांतील फेअरचाइल्ड ह्या एकाच कंपनींतून बाहेर पडलेले. १९८१ सालीं आयबीएमनें आपल्या वैयक्तिक संगणकासाठीं इंटेलचा प्रोसेसर पसंत केला. परंतु इतक्या महत्त्वाच्या वस्तूसाठीं एकाच पुरवठादारावर विसंबणें तिला मान्य नव्हतें. म्हणून १९८२ च्या करारानें इंटेलच्याच आराखड्याचे प्रोसेसर बनविण्याचा अधिकार एएमडीस मिळाला. ह्या बाजारांतील प्रतिस्पर्धी उभा राहिला तो असा ग्राहकाच्या सावधगिरीमुळें. पुढें १९८५ सालच्या ३८६ ह्या प्रोसेसरचा आराखडा देण्याचें इंटेलनें नाकारलें. प्रकरण लवादापुढें गेलें, आणि एएमडीचा स्वतःचा ३८६ बाजारांत येण्यास १९९१ साल उजाडलें.

ह्या धंद्याचें एक वैशिष्ट्य येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. संशोधन व कारखाना ह्यांवर अब्जावधी डॉलर खर्च होतात. पण कारखाना एकदां चालू झाला कीं आणखी एक नग काढण्यास त्या मानानें फारच थोडा खर्च येतो. त्यामुळें किंमत ठरते ती उत्पादनखर्चापेक्षां प्रतिस्पर्ध्याच्या बळाकडे पाहून.

दुर्बळ पक्ष उघडपणें किंमत उतरवितो. प्रबळ पक्षाचें शस्त्र निराळें असतें. तें म्हणजे अटीची सूट. युरोपीय आयोगाच्या २००९ च्या निर्णयांत एक विलक्षण हकीकत नमूद आहे. एएमडीनें एका संगणक-उत्पादकास १० लाख प्रोसेसर फुकट देऊं केले. त्यानें घेतले केवळ १,६०,०००! कारण, आयोगाच्या म्हणण्याप्रमाणें, सारे घेतले असते तर इंटेलकडून होणाऱ्या उरलेल्या प्रचंड खरेदीवरील सूट त्यास गमवावी लागली असती. शून्याहून कमी किंमत कोणी लावावी ? आयोगानें इंटेलला १०६ कोटी युरो दंड केला; त्याच वर्षीं इंटेलनें एएमडीशीं तडजोड करून तीस १२५ कोटी डॉलर दिले. पुढें २०२२ सालीं न्यायालयानें आयोगाचें आर्थिक विवेचन अपुरें ठरवून तो दंड रद्द केला, व २०२४ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंही तें कायम केलें. सूट कोठें संपते आणि अडवणूक कोठें सुरू होते, हें ठरविणें न्यायाधीशांसही किती कठीण गेलें, हें ह्यावरून दिसतें.

मध्यंतरीं एएमडी खालावली होती. त्या काळांत, सुमारें दहा वर्षें, सामान्य घरगुती संगणकासाठीं इंटेलचे प्रोसेसर चार कोअरच्या, म्हणजे चार स्वतंत्र गणनाकेंद्रांच्या, पलीकडे गेले नाहींत. २०१७ सालीं एएमडीनें आठ कोअरचा रायझन ४९९ डॉलरांस आणला. इंटेलचा आठ कोअरचा प्रोसेसर तेव्हां हजार डॉलरांवर होता. २०१९ सालीं इंटेलनें आपल्या अठरा कोअरच्या प्रोसेसरची किंमत १,९७९ वरून ९७९ डॉलरांवर आणली.

ह्यावरून एएमडीस ग्राहकांची कैवारी समजण्याचें मात्र कारण नाहीं. २०२० सालीं तिचे नवे प्रोसेसर सरस ठरतांच तिनें त्यांची किंमत आधींच्या पिढीपेक्षां ५० डॉलरांनीं वाढविली. आमच्या मतें स्वस्ताई ही कंपनीच्या शीलाची खूण नसून तिच्या स्थितीची खूण आहे. म्हणून कोण्या एका कंपनीचा पक्ष घेण्यांत ग्राहकाचें हित नाहीं. दुसरी कंपनी तग धरून आहे ना, हें पाहण्यांत आहे. आयबीएमला हें १९८१ सालींच कळलें होतें. आणि कोणी सूट पुढें केली, तर ती कितीची हें विचारण्याआधीं कोणत्या अटीवर, हें विचारावें.