व्रण आणि परिचर्या

आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या सेवकास 'व्रण' हा शब्द पवित्र शास्त्रातून परिचित असतो. परिचर्येच्या इतिहासातील त्याचा अर्थ मात्र क्वचितच ठाऊक असतो. सुश्रुतसंहितेने व्रणावर साठ उपक्रम सांगितले आणि बऱ्या होत जाणाऱ्या व्रणास शुद्ध, रुह्यमान व रूढ अशी नावे दिली. लूककृत शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्याने घायाळ वाटसरूसाठी तेल व द्राक्षारस वापरला. येथे विचार आहे तो झालेल्या जखमेचा.

शय्याव्रणाचा प्रश्न निराळा. तो होऊच न देणे हे शुश्रूषेचे कर्तव्य होय, ही दृष्टी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या परिचर्याविषयक टिपणांत दिसते. त्यांच्या मते हा दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. हाडावरील त्वचा सतत दाबली गेली म्हणजे रक्तपुरवठा खुंटतो आणि माकडहाड, नितंब, टाचा येथे प्रथम लाली, मग क्षत पडते. १९६२ मध्ये डोरीन नॉर्टन व सहकाऱ्यांनी शरीरस्थिती, मनःस्थिती, हिंडणे-फिरणे, कूस बदलण्याची शक्ती व मलमूत्रावरील ताबा या पाच कसोट्यांवर हा धोका आधीच मोजण्याची रीत घालून दिली.

१९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले की, कुष्ठरोग्याच्या पायाचे व्रण मांस आपोआप सडल्याने नव्हे, तर वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या इजांनी पडतात. शापाच्या समजुतीला मग आधार तो कोणता?

म्हणून प्रार्थनेस बसण्यापूर्वी आजाऱ्याच्या टाचा पाहाव्यात, आणि त्याची कूस केव्हा बदलली हे घरच्यांस विचारावे.