चिनी सुलेखन व मसिचित्रण : उत्तरायुष्यातील साधना

चिनी सुलेखन व मसिचित्रण या दोन्ही कलांची साधने एकच आहेत : कुंचला, शाईची वडी, ती उगाळण्याचा सहाणेसारखा दगड आणि कागद. शाई काजळी व सरस यांपासून बनवितात. आन्ह्वे प्रांतातील श्वान कागदात ती चटकन मुरते. त्यामुळे एकदा ओढलेली रेषा पुसता येत नाही. हाताचा वेग, दाब आणि संकोच कागदावर जसेच्या तसे उमटतात. दीर्घ सरावाचे व पर्यायाने वयाचे महत्त्व येथूनच उद्‌भवते. सुन ग्वो-थिंग याने ६८७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात नियम शिकण्यास तारुण्य आणि मर्म उमगण्यास वार्धक्य अनुकूल, असे प्रतिपादन केले.

राजकीय परीक्षांमुळे अधिकारीवर्गाला कुंचल्याचा परिचय बालपणापासूनच असे. सेवेतून मुक्त झाल्यावर त्यांपैकी अनेक जण या कलांकडे वळत. मिंग काळातील वन जंग-मिंग (१४७०–१५५९) हा परीक्षांत वारंवार अपयशी ठरला. १५२३ मध्ये त्याला राजधानीत पद मिळाले. परंतु काही वर्षांतच ते सोडून तो सूजौ येथे परतला आणि पुढील तीस वर्षे लेखन-चित्रणात रमला.

१९०५ मध्ये परीक्षापद्धती रद्द झाली व या परंपरेचा सामाजिक आधार खचला. तथापि परंपरा खंडित झाली नाही. सुतारकाम करून वाढलेल्या छी बाय-श (१८६४–१९५७) याने पन्नाशीनंतर बीजिंगमध्ये आपली शैली आमूलाग्र बदलली आणि त्यानंतरच त्याला कीर्ती लाभली. ह्वांग बिन-हुंग (१८६५–१९५५) याची दृष्टी मोतीबिंदूमुळे अधू झाली, तरी त्याने चित्रण थांबविले नाही. दाट काळ्या शाईतील त्याची अखेरची निसर्गचित्रे विशेष वाखाणली जातात. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) मात्र अनेक वृद्ध चित्रकारांचा छळ झाला.

१९८३ मध्ये शांतुंग प्रांतात ज्येष्ठांसाठी चीनमधील पहिले विद्यापीठ निघाले. अशा संस्थांतून सुलेखन व चित्रकला हे आवडीचे विषय ठरले. उद्यानांतील फरशीवर लांब कुंचल्याने, केवळ पाण्याने अक्षरे काढणारे निवृत्त लोकही चिनी शहरांत आढळतात; ती अक्षरे थोड्याच वेळात वाळून जातात. युनेस्कोने २००९ मध्ये चिनी सुलेखनाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला.

भारतात रवींद्रनाथ टागोरांचे (१८६१–१९४१) उदाहरण याच्याशी ताडून पाहता येते. हस्तलिखितांतील खाडाखोडीतून त्यांची चित्रे आकारास आली आणि १९३० मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये भरले. महाराष्ट्रात बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–९४) केकावली उतारवयातच रचली. तथापि मराठी पोथीपरंपरेत बोरू आणि शाई सामान्यतः मजकुराच्या सेवेत राहिली. चीनमध्ये हस्ताक्षरालाच लेखकाच्या आयुष्याचा ठसा मानले गेले. म्हणून तेथे वृद्धाचा कंप पावणारा हातही उणीव न ठरता परिपक्वतेची खूण ठरू शकला.