बहात्तरचा बांध आणि आकाशातला डोळा

मागच्या बैठकीत बचत गटाचा हिशेब मिटल्यावर एकीच्या मुलाने मोबाईलवर आपल्या गावाचं आकाशातून घेतलेलं चित्र दाखवलं. सगळ्या वाकून आपापलं घर शोधू लागल्या. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजींनी मात्र घर विचारलं नाही. म्हणाल्या, "ओढ्यावरचा आमचा बांध दिसतो का बघ." त्या बांधावर त्यांनी बहात्तरच्या दुष्काळात घमेली वाहिली होती. बांध काही दिसला नाही. आजी गप्प झाल्या आणि आम्हालाच चुटपुट लागली. मग हा आकाशातला डोळा आला कुठून, त्याला काय दिसतं नि काय दिसत नाही, याची आम्ही माहिती काढली. तर त्याची गोष्टही बहात्तर सालीच सुरू होते!

ते साल आपल्या सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवडकडच्या घराघरात ठाऊक आहे. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, लाल मिलो, पोरांना सुकडी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या.

आपल्याकडे पाऊस डोळे वटारून बसला होता, त्याच पावसाळ्यात, २३ जुलै १९७२ला, अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. जमीन, पाणी, पिकं वरून बघत राहणं एवढंच त्याचं काम. त्याच्यावर दोन यंत्रं होती. ज्या कॅमेऱ्यांवर सगळी भिस्त होती, ते विजेच्या बिघाडामुळे दोनच आठवड्यांत बंद करावे लागले. दुसरं यंत्र नुसतं प्रयोग म्हणून बसवलं होतं, त्यानेच पुढे सगळं काम निभावलं. त्याचा आराखडा एका बाईने केला होता. तिचं नाव व्हर्जिनिया नॉरवुड. १९४७ला मोठ्या संस्थेतून पदवी घेऊनही तिला मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून तिने काही काळ दुकानात ब्लाऊज विकले. शिकल्यासवरल्या बाईची गत तिकडेही अशीच, हे वाचून आम्हाला वाईट वाटलं आणि थोडा धीरही आला.

या डोळ्याची करामत साधी आहे. निरोगी पान आपल्याला हिरवं दिसतं. पण तांबड्याच्या पलीकडचा एक उजेड असतो, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, तो हे पान भरपूर परत फेकतं. रोग पडला, पाण्याचा ताण बसला की तो परतणारा उजेड कमी होतो. स्वच्छ पाणी तर तो उजेड गिळूनच टाकतं, म्हणून चित्रात ते काळं दिसतं. आपल्या देशात हे आधी विमानातून करून बघितलं होतं. १९७०मध्ये पिशारोटी नावाच्या शास्त्रज्ञांनी केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे असे फोटो घेतले आणि रोगी माड ओळखले.

पुढे १७ मार्च १९८८ला भारताचा स्वतःचा आयआरएस-१ए हा उपग्रह वर गेला. आता गुंठ्यांचा हिशेब ऐका, तो आपल्याला चांगला कळतो. पहिल्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दीड एकराहून मोठा तुकडा. आयआरएसच्या बारीक बघणाऱ्या कॅमेऱ्याचा ठिपका १३ गुंठ्यांचा. २०१५पासून युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह आले, त्यांचा ठिपका एक गुंठ्याचा, दर पाच दिवसांनी नवा आणि फुकट. म्हणजे दीड एकरावरून एका गुंठ्यावर नजर यायला ४३ वर्षं लागली. आजींचा बांध गुंठाभर रुंद नाही, मग तो कसा दिसणार?

आपल्या नाशिकमध्येच या नजरेचा चांगला उपयोग होतो. दिंडोरी रस्त्यावर 'मेरी' ही राज्य सरकारची पाटबंधाऱ्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, १९५९ सालची. तिथे उपग्रहाच्या चित्रांवरून धरणातला गाळ मोजतात. पातेल्याच्या बुडाला नि कडेला खरपुडी धरली की त्यात दूध कमी मावतं, तसंच हे. पाण्याची पातळी तीच, पण पसारा पूर्वीपेक्षा आक्रसलेला दिसला, तर तेवढी जागा गाळाने खाल्ली. तो गाळ कुठला? आपल्या बांध फुटलेल्या शेतांचा नि ओढ्यांचा. निफाड तालुक्यातला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा असाच गाळाने भरत गेला, बेटं झाली, पाणगवत वाढलं, पक्षी आले आणि जानेवारी २०२०मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. वाहून गेलेल्या मातीने पक्ष्यांचं भलं केलं. ज्यांची माती गेली त्यांना कुणी विचारलं नाही, ते सोडा.

पण हा डोळा फसतोही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की द्राक्षबाग वरून उजाड दिसते. बहार धरायला डाळिंबाला ताण दिला की पानं गळतात. नवखा माणूस म्हणेल, पीक गेलं. आणि ओढ्याच्या बाबतीत नेमकं उलट होतं. एका बैठकीत आम्ही सांगितलं, पुलाखालच्या पाण्याला वास येतो, धुणं धुतलं की पोरींच्या पायांना खाज सुटते. तिथल्या एकाने आम्हालाच चित्र दाखवलं. ओढा तर हिरवागार आहे, तक्रार कसली? ते हिरवं पाणवेलीचं होतं, सांडपाण्यावर पोसलेलं. शेतातलं हिरवं म्हणजे तब्येत, पाण्यावरचं हिरवं म्हणजे आजार. उपग्रह दोन्हीकडून तोच उजेड टिपतो. त्या दिवशी आम्हाला हे बोलता आलं नाही. आता येतं.

आम्ही पुन्हा चित्र उघडलं, या वेळी मे महिन्यातलं. पुलाखालचा हिरवा पट्टा होताच, त्याची पावसाळ्याआधीची तीन वर्षांची चित्रं काढून ग्रामसभेच्या अर्जाला जोडली आहेत. जमिनीखालचं पाणी तर कुठल्याच चित्रात दिसत नाही. म्हणून गावातल्या सहा विहिरी आम्ही दोर सोडून मोजतो. भूजल सर्वेक्षणवाले आपल्या निरीक्षण विहिरी मोजतात त्याच महिन्यांत, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आकडे गटाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर आहेत.

मेच्या त्या चित्रात ओढ्याच्या वरच्या अंगाला, सगळं रान भुरं असताना, सात-आठ ठिपक्यांची एक गर्द रांग होती. आजींनी चष्मा पुसून बघितलं. "ही करंजं नि उंबर आमच्या बांधाच्या ओलीवर आलेत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मोबाईल हातात घेतला तो चहा गार होईस्तोवर सोडला नाही.