आडवाटेचा इतिहास

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाची रुळलेली वाट सोडून आम्ही मुद्दाम आडरानात शिरलो, तेव्हा मनात २ फेब्रुवारी १६६१ हा दिवस होता. त्या दिवशी हाच घाट उतरून आलेला मोगल सरदार कारतलबखान उंबरखिंडीत कोंडला गेला आणि शिवाजी महाराजांना शरण येऊन, खंडणी देऊन सुटला. कवींद्र परमानंदाने 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग वर्णिला आहे. तो वाचताना अरण्य आम्हांला केवळ पार्श्वभूमी वाटत असे. कारवीच्या दाटीत दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा झाला, घळीत वारा थांबला, जवळचे पाणी संपले. तेव्हा उमगले की, या लढाईतले मुख्य पात्र अरण्यच होते. खानाच्या सैन्याला जे मरण वाटले, त्यातच आम्हांला सुख वाटत होते, कारण परतण्याची खात्री होती. पण ती खात्री तरी आमची कुठे? सायंकाळी एका गुराख्याने ढोरवाटेने आम्हांला खालच्या चावणी गावात आणून सोडले. मावळे ज्या ज्ञानाच्या बळावर जिंकले, ते आम्हांला ग्रंथात नव्हे, त्याच्या पायांत भेटले. आडवाट ती आम्हांला. त्याची ती रोजची वाट.