वऱ्हाडांतील अंगप्रक्षालन : रिठा, उटणें व साबण

यवतमाळ जिल्ह्यांत व अन्यत्रही हल्लीं 'नैसर्गिक साबण' आवडीनें घेतला जातो. आपले पूर्वज हाच साबण रोज अंगास लावीत, असें प्रतिपादनही त्याबरोबर ऐकूं येतें. या प्रतिपादनांत इतिहास किती आहे, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

तेल किंवा चरबी यांवर तीव्र क्षाराची क्रिया होऊन जो पदार्थ बनतो तो साबण. शब्द मूळ अरबी 'साबून'. संस्कृतांत 'फेनक' शब्द आहे. वात्स्यायनानें नागरकास स्नान नित्य, उत्सादन दिवसाआड व फेनक दर तिसऱ्या दिवशीं सांगितलें आहे. फेनक म्हणजे साबण असा अर्थ पुष्कळदां केला जातो. परंतु शब्दाचा अर्थ 'फेस आणणारें' एवढाच होतो, आणि रिठ्यासही 'फेनिल' हें नांव आहे. 'रिठा' हें 'अरिष्टक' शब्दाचेंच अपभ्रष्ट रूप होय. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत रेशीम व लोकर यांस खारी माती आणि कुतप नांवाच्या कांबळ्यास अरिष्टक सांगितलें आहे. तेथें विषय वस्त्रशुद्धीचा आहे. क्षार करण्याची कृति आपल्याकडे अज्ञात नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत तिचा स्वतंत्र अध्यायच आहे. पण तो क्षार रोग्याच्या उपचारासाठीं, स्नानासाठीं नव्हे.

वऱ्हाडापुरतें पाहतां ऐने अकबरीचा पुरावा महत्त्वाचा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या या ग्रंथांत, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत, लोणारकडे कांच व साबण करण्याचें साहित्य मिळतें असें म्हटलें आहे. तेथील सरोवराचें पाणी खारें आहे हें प्रसिद्धच आहे. यावरून साबण या प्रांतास चारशें वर्षांपूर्वींही अपरिचित नव्हता हें ठरतें. तो रोज अंगास लावीत हें ठरत नाहीं. घरोघर चालत आलेली रीत निराळी होती : अंगास तेल, मग डाळीचें पीठ किंवा उटणें, आणि केसांस शिकेकाई व रिठा.

गिरणीचा साबण मागाहून आला. १८८८ मध्यें इंग्लंडचा सनलाइट कलकत्त्यास उतरला. साबणांत जनावराची चरबी असते, हा सोवळ्या घरांतील मोठा आक्षेप होता. १९१८ च्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनीं केवळ वनस्पति-तेलाचा साबण काढून तो आक्षेप दूर केला. 'शुद्ध' साबणाच्या आजच्या ओढीचें एक मूळ आमच्या मतें तेथें आहे, वेदकाळीं नव्हे.

यवतमाळांत साबणास योग्य तेलें दोन : सरकीचें व मोहाच्या बियांचें. त्यांचा साबण हातानें केला तर त्यांत ग्लिसरीन राहतें, हा गुण खरा आहे. परंतु क्षारावांचून तोही होत नाहीं. त्वचा किंचित् आम्ल, साबण क्षारधर्मी. म्हणून कोरड्या त्वचेस तो बेतानेंच लावावा. 'तिसऱ्या दिवशीं' या जुन्या नियमांतील मिताचार हाच खरा वारसा होय.

मोहाच्या साबणास ऋषींच्या साक्षीची गरज नाहीं. केळापूर, घाटंजीकडील गोंड व कोलाम स्त्रिया मोह वेंचतात आणि त्याच्या बियांचा उपयोग जाणतात. त्यांचें श्रेय खोट्या प्राचीनतेखालीं झांकलें जाऊं नये, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.