चारित्र्य हेच तारण : डोमिनिका बेटावरील पतपेढ्यांची कहाणी

कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध डोमिनिका हे एक डोंगराळ बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ७५० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबसाच्या दृष्टीस ते पडले, तो रविवार होता. प्रभूचा वार म्हणून त्याने बेटाला हे नाव दिले. डोमिनिकन प्रजासत्ताक हा देश वेगळा, याची वाचकांनी नोंद घ्यावी. या बेटावर प्रथम फ्रेंचांनी वस्ती केली व पुढे इंग्रजांनी राज्य केले. त्यामुळे सरकारी भाषा इंग्रजी झाली, घरातली बोली फ्रेंच वळणाची क्रिऑल राहिली आणि बहुसंख्य लोकांचा धर्म कॅथलिक राहिला. अशा या लहानशा बेटावर गोरगरिबांनी आपला पैसा आपल्याच हाती कसा घेतला, त्याची ही हकिकत आहे.

इ. स. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये गुलाम खऱ्या अर्थाने मुक्त झाले. ब्रिटिश पार्लमेंटने त्यापोटी दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. पण ती मळेवाल्यांना! पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या गुलामांच्या हातावर एक दमडीही पडली नाही. स्वातंत्र्य मिळाले, परंतु भांडवल मिळाले नाही. माणसे किनाऱ्यावरच्या गावांत आणि डोंगरउतारांवर स्थिरावली, कंदमुळे व केळी पिकवू लागली. बँका होत्या, पण त्या व्यापाऱ्यांच्या आणि मळेवाल्यांच्या. ज्याच्या जमिनीला कागद नाही आणि पगाराला पावती नाही, त्याने तारण म्हणून काय ठेवावे?

मग उरे दुकानदाराची उधारी. दुसरी वाट होती ‘सुसु’ची. आफ्रिकेतील योरुबा लोकांची ‘एसुसु’ ही पद्धत गुलामांबरोबर समुद्र ओलांडून कॅरिबियन बेटांवर आली. काही जणांनी ठराविक रक्कम दर आठवड्याला एकत्र करायची आणि पाळीपाळीने एकेकाने उचलायची. म्हणजे आपल्याकडची भिशीच. सुसुचा आधार एकच : परस्परांचा विश्वास. तिची मर्यादाही उघड होती. पाळी येण्यापूर्वी आजारपण आले तर काय? आणि फेरी संपली की शिल्लकही संपली.

या विश्वासाला कायमचे घर बांधून देण्याचे काम एका धर्मभगिनीने केले. सिस्टर अॅलिसिया दे त्रेमेरी या मूळच्या बेल्जियमच्या. त्यांच्या पुढाकाराने १९५१ साली डोमिनिकात पतपेढ्यांची चळवळ सुरू झाली. त्या ज्या संघाच्या होत्या, त्याचा उगम भारतात आहे, ही गोष्ट आपल्याला विशेष वाटावी. मदर मारी लुईज दे मेस्टर यांनी १८९७ साली आजच्या तमिळनाडूतील मुळगुमूडू या गावी त्या संघाचा पाया घातला होता.

सिस्टरांची कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीत रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभारल्या होत्या. कॅनडातील अँटिगोनिश येथे १९२८ पासून फादर मोझेस कोडी कोळ्यांना व शेतकऱ्यांना अभ्यासमंडळांतून सहकार शिकवीत होते. जमैकात १९४१ मध्ये येशूसंघीय फादर जॉन पीटर सलिव्हन यांनी सोडॅलिटीच्या सभासदांची पतपेढी काढली होती. आपल्या वसईतही मोन्सिन्यॉर पी. जे. मोनिस यांनी १९१८ साली कॅथलिक पतसंस्थेची स्थापना केली, तिचीच पुढे बँक झाली. भारतातील १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागेही रायफायझेन यांचाच आदर्श होता. तेव्हा वसई आणि डोमिनिका यांचे या बाबतीत कूळ एकच म्हणावयाचे.

पतपेढीची रीत साधी होती. गावातील माणसांनी एकत्र यावे, थोडे थोडे भागभांडवल जमवावे, आणि त्याच साठ्यातून गरजूला माफक व्याजाने कर्ज द्यावे. कोणाचे भाग कितीही असोत, मत एकच. कर्ज मागणारा कसा आहे, ते समितीला ठाऊक असे. कारण समितीतील माणसे त्याच्याच गावची, त्याच्याच मंदिरात मिस्सेला येणारी. जमिनीचा कागद नसलेल्या माणसाचे चारित्र्य हेच त्याचे तारण ठरले. पॉइंट मिशेल येथील ला सालेत मातेच्या धर्मग्रामात तर पतपेढीलाही मातेचेच नाव मिळाले.

काळही अनुकूल होता. त्याच दशकात गीस्ट कंपनीची जहाजे केळी घेऊन इंग्लंडला जाऊ लागली आणि लहान शेतकऱ्याच्या हाती प्रथमच नियमित रोकड खेळू लागली. आलेला पैसा साठवायला जागा जवळच होती. बाजारात बसणाऱ्या आणि बोटीने शेजारच्या बेटांवर माल नेणाऱ्या बायांचा व्यापार तर अधिकच कसबाचा. ग्वादलूपमध्ये फ्रँक मिळत (२००२ पासून युरो), अँटिग्वात पूर्व कॅरिबियन डॉलर. हा डॉलर १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे आणि १९८३ पासून सेंट किट्स बेटावरील बासतेर येथील मध्यवर्ती बँक तो सांभाळते. चलन स्थिर राहिले म्हणून गरिबाची पै-पै झिजली नाही.

संकटे मात्र चुकली नाहीत. स्वातंत्र्याला वर्षही पुरे झाले नव्हते, तोच ऑगस्ट १९७९ मध्ये डेव्हिड चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले. १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या निवाड्याने केळीची युरोपातील सवलतीची बाजारपेठ डळमळली. २००९ मध्ये त्रिनिदादच्या सीएल फायनान्शियल या उद्योगसमूहाचा डोलारा कोसळला आणि पूर्व कॅरिबियनमधील असंख्य ठेवीदारांचे पैसे अडकले. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक हानी केली. पुढच्या काही वर्षांत परदेशी बँकांनी पाय काढता घेतला. स्कॉशियाबँक २०१९ मध्ये, रॉयल बँक ऑफ कॅनडा २०२१ मध्ये आणि सीआयबीसी फर्स्ट कॅरिबियन २०२३ मध्ये बेटावरून गेली. लहान बाजारपेठ त्यांना परवडत नव्हती. पतपेढ्यांना मात्र जायला दुसरे ठिकाणच नव्हते. त्या तिथल्याच माणसांच्या होत्या आणि म्हणून तिथेच राहिल्या.

मात्र त्यांचे रूप पालटले आहे. २०१० मध्ये राजधानी रोझो येथील पतपेढी आणि काही गावांतील पतपेढ्या एकत्र येऊन राष्ट्रीय सहकारी पतपेढी झाली. संस्था मोठी झाली की हिशेब चोख होतात, वादळाचा धक्का सोसण्याचे बळ येते. पण समितीतील माणूस आणि कर्ज मागणारा माणूस एकमेकांना ओळखेनासे होतात. मग चारित्र्याची जागा पुन्हा कागद घेतो, आणि कागद नसलेला माणूस पुन्हा दाराबाहेर उभा राहतो. सहकार वाढला आणि ओळख हरवली, तर १९५१ साली जे मिळवले तेच गमावल्यासारखे होईल. हा प्रश्न डोमिनिकाच्या सभासदांपुढे आहे. आपल्या धर्मग्रामांतील पतपेढ्यांच्या वार्षिक सभेला बसताना तो आपणही स्वतःला विचारून पाहावा.